गोळा दिसला, पुढे काय?

न फुटलेल्या तोफगोळ्यांबद्दल जनजागृती करायची म्हटलं की पहिलं डोळ्यांसमोर येतं ते पोस्टर. कवटी, खाली दोन हाडं आणि लाल अक्षरांत ‘धोका’. आमच्या पहिल्या बैठकीला एक उत्साही कार्यकर्ता तसं पोस्टर नमुन्यादाखल छापूनच घेऊन आला होता. ते आम्ही शेवटपर्यंत वापरलं नाही. का वापरलं नाही, त्याऐवजी काय केलं, हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. महाराष्ट्रात लष्करी सरावाच्या आणि दारूगोळा भांडारांच्या कडेला राहणारी गावं थोडीथोडकी नाहीत. नगरची के. के. रेंज आहे, नाशिकजवळ देवळालीचा तोफखाना आहे, वर्ध्याकडे पुलगावचं भांडार आहे. यातल्या कुठल्याही गावात कुणाला उद्या हे काम हाती घ्यावं लागलं, तर आमच्या अनुभवातलं काहीतरी उपयोगी पडावं.

मी पारनेर तालुक्यात महिला बचत गटांबरोबर काम करते. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांच्या बेचक्यात नगरची ही रेंज, म्हणजे लष्कराच्या गोळीबार सरावाचा माळ आहे. खारे कर्जुने गावावरून तिला के. के. रेंज नाव पडलं. नगरला १९४८ पासून लष्कराच्या चिलखती दळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि रणगाड्यांचा सराव या माळावर चालतो. फायरिंग सुरू झालं की कडेच्या वाड्यांमध्ये फडताळातली भांडी वाजतात. सराव नसतो तेव्हा तोच माळ गुरांचा, शेळ्यामेंढ्यांचा आणि सरपणाचा. एवढ्या मोठ्या माळाला चहूबाजूंनी कुंपण घालून माणसं अडवणं कुणाच्याच हातातलं नाही.

आमच्या भागातल्या एका वाडीत दोन चुलत भावांनी माळावरून आणलेला गोळा घरामागच्या दगडावर ठेवून ठोकला. थोरला जागीच गेला. धाकट्याचा उजवा हात मनगटापासून गेला आणि एक डोळा गेला. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत कुणी कर्जाचा विषय काढलाच नाही. “ताई, यावर काहीतरी करा,” एवढंच सगळ्या म्हणत होत्या. काम तिथून सुरू झालं.

आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले. सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतात. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीत, पाकिस्तान सीमेलगतच्या शेतांमध्ये भूसुरुंग पेरले गेले. ते नंतर काढण्याच्या कामावर काका राजस्थानात होते. एम-१४ नावाचा सुरुंग तळहातावर मावतो, बहुतेक सगळा प्लास्टिकचा. वाळू सरकली की तो पेरल्या जागी राहत नाही, नकाशावर एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे. पण काकांच्या बोलण्यातली मला लागलेली गोष्ट वेगळीच होती. ते म्हणाले, “तिथल्या शेतकऱ्याला सुरुंग आहेत हे माहीत होतं, ताई. पेरताना त्याने स्वतः बघितले होते. पण शेत त्याचं होतं आणि पोटही त्याचंच. माहिती नाही म्हणून माणूस मरतो हे अर्धंच खरं.”

कवटीचं पोस्टर बाजूला पडलं ते या वाक्यामुळे.

सुरुंग आणि स्फोटकांविषयीच्या लोकशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत, त्यांत एक साधी आणि फार कामाची विभागणी सापडते. धोक्याच्या जागी जाणारी माणसं पाच प्रकारची. ज्यांना धोका आहे हेच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, पण काय करायचं ते कळत नाही. ज्यांची समजूत चुकीची आहे. ज्यांना सगळं कळतं तरी जे धाडस म्हणून जातात. आणि ज्यांना दुसरा इलाजच नाही. पोस्टर पहिल्या दोघांना उपयोगी. आपल्या गावात कोण किती आहेत हे आधी पाहावं, असं ठरलं.

आता हे विचारायचं कसं? “तुम्ही गोळे वेचता का?” असं विचारलं असतं तर कुणी हो म्हटलं नसतं, कारण रेंजमध्ये शिरणं आणि दारूगोळा बाळगणं यावर गुन्हा दाखल होतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आम्ही गोळ्याचा शब्दच काढला नाही. बायकांना एवढंच म्हटलं की अंगणात रांगोळीने तुमचा माळ काढून दाखवा. गुरं कुठून जातात, पाणी कुठे, जळण कुठलं, उन्हाळ्यात घरात पैसा कुठून येतो. एका वाडीत सडा टाकलेल्या अंगणात तीन-चार जणींनी मिळून नकाशा काढला. पाझर तलावाला निळी रांगोळी, ओढ्याला हळदीची रेघ, टेकडीवर सरावाच्या दिवशी लागणाऱ्या लाल बावट्याच्या जागी कुंकू. एका म्हातारीने काठीच्या टोकाने तलावाकडची वाट ओढली आणि ती सरळ कुंकवाच्या पलीकडे गेली. “इकडनं लांब पडतं गं. गाई तान्हेल्या असल्या की इकडनंच.” मग त्याच वाटेवर एकीने तीन खडे ठेवले. कशाचे, ते आम्ही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, “ह्यितं ह्यितं पडल्यात.”

वाडीवाडीतून असे नकाशे झाल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. धोका ठाऊक नसलेलं माणूस आम्हाला जवळजवळ भेटलंच नाही. एक मावशी तर रागावल्याच. “बाई, गोळा फुटतो हे आम्हाला तुमी सांगायचं का? आमच्या डोक्यावरून जातो तो.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

चुकीच्या समजुती मात्र पुष्कळ निघाल्या, आणि त्या प्रत्येकीमागे काही ना काही अनुभव होता. गंज चढला म्हणजे गोळा मेला. पावसात भिजला की दारू वाया जाते. दहा वर्षं एका जागी पडलाय, बैलाचा पाय लागला तरी काही झालं नाही. पडला तेव्हा आवाज झाला होता, म्हणजे फुटून गेला. या समजुती ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकणं सोपं होतं, पण त्यांना उत्तर कारणासकटच द्यायला हवं होतं. ते काम काकांनी केलं. मी ते इथे थोडक्यात देते, कारण ज्याला समजावून सांगायचं आहे त्याला हे आधी स्वतःला कळायला हवं.

गोळ्याला फ्यूज असतो, तो स्फोट घडवतो. तोफेतून सुटताना बसणारा झटका आणि गोळ्याची गरगर, यांनी फ्यूजमधले अडसर सुटतात. त्यानंतर गोळा कशावर आदळला की पेट घ्यावा, अशी रचना. पण जमीन भुसभुशीत असली, गोळा तिरपा घासत गेला, किंवा आतला एखादा भाग अडकला, तर पेट घेण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. अडसर सुटलेले आहेत, फक्त शेवटची पायरी बाकी आहे. त्या अर्ध्यावरून पुढे जायला किती धक्का लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. बैलाच्या पायाने न झालेलं हातोडीने होतं, कधी नुसतं उचलल्यानेही होतं. रणगाड्याच्या काही गोळ्यांच्या टोकाला स्फटिक असतो आणि तो दाबला गेला की त्यातूनच वीज निघते. गंज चढतो तो वरच्या पोलादाला. आतली दारू वर्षानुवर्षं तशीच राहते. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धातले गोळे शंभर वर्षांनंतरही नांगराला लागतात आणि अजून माणसं मारतात. काका हे सगळं बोलताना हातात काहीही धरत नसत. नमुन्याचा रिकामा गोळासुद्धा नाही. ‘हा हातात घेतला तरी काही होत नाही’ हे दृश्य पोरांच्या डोळ्यांना दाखवायचंच नाही, यावर ते ठाम होते. मलाही ते पूर्ण पटलेलं आहे.

रंगाचंही तसंच. रंगावरून गोळा ओळखायला शिकवा, अशी एका शिक्षकांची सूचना होती. आम्ही ती घेतली नाही. ऊन-पावसात रंग उडतो, आणि रंग शिकवला की माणूस तो बघायला जवळ जातो. अफगाणिस्तानात २००१ मध्ये अमेरिकेने विमानातून टाकलेली अन्नाची पाकिटं पिवळी होती आणि क्लस्टर बॉम्बमधले छोटे बॉम्बही पिवळे होते. शेवटी रेडिओवरून लोकांना सावध करावं लागलं आणि पाकिटांचा रंग बदलावा लागला. आमचा संदेश एवढाच ठेवला: माळावर धातूची जी वस्तू आपली नाही, ती आपली नाहीच.

आता राहिले शेवटच्या प्रकारातले. ज्यांना सगळं कळतं, पण दुसरा इलाज नाही म्हणून जे जातात. रांगोळीच्या नकाशांवर उन्हाळ्यातल्या पैशाचा प्रश्न विचारला तेव्हा उत्तरं घुटमळत आली. कांदा काढणी संपली, शेततळी आटली, ऊसतोडीवरून आलेली उचल फिटलेली. चैत्र-वैशाखात हाताला काम नाही. गोळ्याच्या पोलादाला भाव कमी, पण तांब्याच्या कड्याला आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यांना भाव बरा. एका दिवसाच्या वेचणीला शेतमजुरीपेक्षा जास्त मिळतं. सुटे तुकडे वेचायला गेलेल्याच्या हाती कधीतरी अख्खा गोळाही लागतो. लाओसची गोष्ट मी वाचली होती. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने तिथे क्लस्टरमधले २७ कोटी छोटे बॉम्ब टाकले, त्यातले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. तिथेही लोक जाणूनबुजून हे भंगार वेचत आले, कारण गरिबाला त्यातून रोख पैसा मिळतो. नगरचा माळ आणि लाओसचं पठार यांत आकाराने काही तुलना नाही. पण काट्यावर गोळ्याचं वजन करून पैसे मोजणारा हात दोन्हीकडे सारखाच.

म्हणून आम्ही काट्याकडे गेलो.

तालुक्याच्या गावचे भंगार दुकानदार आमच्याशी बोलायलाच तयार नव्हते. एकजण म्हणाले, “मी घेतच नाही.” दुसरे म्हणाले, “मी नाही घेतला तर पलीकडचा घेईल.” दुसऱ्यांचं बोलणं कामाचं होतं, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना एकत्र बसवायला हवं. व्यापारी संघटनेतल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या मध्यस्थीने आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सगळे बसले. मी वेचणाऱ्यांच्या जिवाबद्दल बोलले, तेव्हा माना हलल्या आणि तेवढंच. बोलणी फिरली ती काकांनी भट्टीचा विषय काढल्यावर. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातून आलेले जिवंत गोळे भट्टीत गेले आणि कामगार मेले. काका म्हणाले, “हा माल तुमच्या दुकानात दोन दिवस पडतो. तुमचा पोरगा त्याच्यावर बसून डबा खातो. गॅस कटर तुमचाच चालतो.” मग एकाने हळूच सांगितलं की त्याच्या गोडाऊनमध्ये एक ‘वस्तू’ पडलेली आहे आणि ती कुणाला द्यावी ते त्याला वर्षभर कळत नाहीये. पोलिसांना सांगावं तर १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली आपणच आत जाऊ.

त्या संध्याकाळी मला आमच्या मोहिमेचा खरा विषय सापडला. दुकानदार असो की गुराखी, प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती: गोळा दिसला की पुढे काय करायचं, आणि ते केल्यावर माझ्यावर काय येणार नाही. याचं उत्तर तयार नसताना गावोगाव पोस्टर लावणं म्हणजे लोकांना भीती देऊन अर्ध्या वाटेत सोडणं होतं. म्हणून जनजागृतीचं सगळं साहित्य आम्ही थांबवलं आणि आधी फोनच्या दुसऱ्या टोकाचं काम केलं.

हे टोक बांधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तहसील, पोलीस ठाणे, लष्कराचं स्थानिक मुख्यालय, ग्रामपंचायती. एका कार्यालयात अर्ज फिरतच राहिला, दुसरीकडे साहेब बदलले की पहिल्यापासून सुरुवात. पण एक तरुण पोलीस अधिकारी भेटले, त्यांना प्रश्न लगेच समजला. त्यांच्या पुढाकाराने जी पद्धत ठरली ती अशी. गोळा दिसला की माणसाने ११२ ला फोन करायचा किंवा आपल्या पोलीस पाटलांना सांगायचं. पोलीस पाटील नोंद करून ठाण्याला कळवणार, ठाणं बॉम्बशोधक व नाशक पथकाला किंवा लष्कराला. सांगणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. त्याने दिलं तरी त्याला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही. तो रेंजमध्ये कशाला गेला होता हा प्रश्न काढायचा नाही. हे अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत, माईकवर, सगळ्यांसमोर सांगायचं. कागदावर असून चाललं नसतं. गावाने ते त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं, आणि तसं ऐकलं.

दुकानदाराच्या गोडाऊनमधली ती वस्तू सर्वांत आधी गेली. पथक आलं, आसपासची घरं रिकामी केली आणि वस्तू नेली. दुकानदाराला कुणी हात लावला नाही. बाजाराच्या दिवशी ही बातमी जेवढी पसरली तेवढं आमचं कुठलंही पत्रक पसरलं नसतं. पुढच्या आठवड्यात दोन काट्यांवर पाटी लागली: ‘तोफगोळा, फ्यूज, नळी किंवा त्यांचे तुकडे घेतले जाणार नाहीत.’ बाकीच्यांनी ती हळूहळू लावली. एका दुकानावर ती अजून नाही.

हाताला काम नसण्यावर आमच्यापाशी जादूची कांडी नव्हती. पण रोजगार हमीचा नमुना ४ भरून कामाची लेखी मागणी करता येते, आणि ती केल्यावर पोच मागायची असते, हे बऱ्याच वाड्यांमध्ये कुणाला ठाऊकच नव्हतं. बचत गटांनी फाल्गुनातच या मागण्या भरून घेतल्या, म्हणजे चैत्रात काम निघावं. सगळीकडे निघालं नाही. जिथे बांधबंदिस्तीचं काम निघालं तिथे त्या महिन्यांत माळावर कमी माणसं गेली, हे बायकांनीच सांगितलं. जनजागृती मोहिमेच्या आखणीत रोजगार हमी कशाला, असं मला शहरातल्या एका बैठकीत विचारलं गेलं. माझ्या मते तो त्या आखणीचा गाभाच आहे.

एवढं झाल्यावर आम्ही चित्रांकडे वळलो. गावातल्याच एका मुलाने चित्रं काढली. ती छापण्याआधी घरोघरी नेऊन “यात काय दिसतंय?” एवढंच विचारायचं ठरलं. उत्तर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. यातून जे निघालं ते आमच्यापैकी कुणालाच बैठकीत बसून सुचलं नसतं. गोळ्यावर लाल फुली मारलेलं चित्र होतं. एका आजोबांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्यो बाद झालेला दिसतोय. म्हणून काट मारलीय.” म्हणजे धोक्याची खूण त्यांना गोळा निकामी असल्याची खूण वाटली, आणि रद्द झालेल्या कागदांवर फुल्या बघत आलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? एका बाईंना उभा गोळा थर्मास वाटला. वर्दीतला जवान हात उंचावून थांबवतोय असं चित्र होतं, ते सगळ्यांना ‘मिलिटरीवाले आत येऊ देत नाहीत’ असं कळलं, आणि चेहरे कडवट झाले. जमिनीवरून या भागात आधीच ताण आहे. रेंज वाढवण्यासाठी तीन तालुक्यांतली गावं जाणार या चर्चेने इथल्या लोकांनी बरंच सोसलं आहे. जीव वाचवण्याचा निरोप त्या वादात अडकू द्यायचा नव्हता. जवानाचं चित्र गेलं.

शेवटी राहिली ती तीन चित्रं. पहिल्यात एक गुराखीण वाटेवर थबकली आहे आणि लांब गवतात गोळा अर्धा पुरलेला आहे. दुसऱ्यात ती वळून, आपल्याच पावलांच्या खुणांवरून परत चालली आहे. तिसऱ्यात ती पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसून हाताने दिशा दाखवते आहे. गोळ्याचं जवळून चित्र कुठेही नाही. शब्द तीनच: थांबा, मागे फिरा, सांगा. खाली गटाच्या बायकांनी सुचवलेल्या सूचना: जिथे थांबलात तिथेच झुडपाला फडकं बांधा, पुढे जाऊन नको. फोटो काढायला जवळ जाऊ नका. फोन लांब आल्यावरच करा. जागा सांगताना गट नंबर, नाहीतर झाड, ओढा, बांध सांगा. पाटलांनी शेवटच्या सूचनेचं महत्त्व फार सांगितलं. “माळावर पडलाय” एवढ्याने पथकाला दिवसभर फिरावं लागतं.

माध्यमांची यादी करताना कुणी रील म्हणालं, कुणी पथनाट्य. आम्ही दवंडीला पहिला मान दिला. सरावाआधी प्रशासन नोटीस काढतं. लष्करी सरावांबद्दलच्या १९३८ च्या कायद्याखाली त्याची स्थानिक पातळीवर सूचना द्यावी लागते, आणि कोतवाल गावात ती पुकारतो. लोक ती ऐकतात, कारण त्या दिवशी गुरं कुठे न्यायची ते तिच्यावर ठरतं. त्याच दवंडीच्या शेवटी दोन वाक्यं वाढवली: फायरिंग संपल्यावर माळ लगेच मोकळा झाला असं समजू नये, आणि काही दिसलं तर काय करायचं. खर्च काहीच नाही, आणि धोका सर्वांत जास्त असतो त्याच आठवड्यात निरोप पोहोचतो. ४ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये जाहीर केलेला सुरुंगविषयक जनजागृतीचा दिवस. त्या दिवशीच उद्घाटन व्हावं असा काहींचा आग्रह होता. आम्ही त्या दिवशी शाळेत छोटा कार्यक्रम केला. पण आमचं वर्ष आम्ही त्या तारखेभोवती बांधलं नाही. ते सरावाचे दिवस, पहिला पाऊस आणि काम नसलेले महिने यांच्याभोवती बांधलं.

सप्त्यात कीर्तनकार महाराजांनी दहा मिनिटं दिली. शाळेत काकांनी मुलांना प्रश्न विचारू दिले आणि बक्षिसांची स्पर्धा होऊ दिली नाही, विशेषतः ‘ओळखा पाहू’ प्रकारची. हात गमावलेला तो मुलगा, वाडीतला, एका कार्यक्रमाला स्वतःहून आला. त्याला मंचावर उभं करा असं काहींनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. तो आला, मागे बसला, शेवटी दोन मुलांशी बोलला आणि गेला. त्याचं दुःख आमच्या प्रचाराचं साहित्य नाही. त्याला कृत्रिम हात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि दहावीचा फॉर्म मिळवून देणं हे आमच्या कामाच्या यादीत लिहिलेलं आहे, आणि ते मोहिमेचाच भाग म्हणून लिहिलेलं आहे.

मोहीम चालली की नाही हे कशावरून ठरवायचं, यावर बरीच चर्चा झाली. किती जण सभेला आले, किती पत्रकं वाटली, हे आकडे अहवालाला बरे दिसतात. आम्ही पोलीस पाटलांच्या नोंदवहीकडे बघायचं ठरवलं. नोंदी वाढल्या तर ते यश धरायचं. माळावर गोळे अचानक जास्त पडले असं नाही, लोक सांगू लागले. वरच्या कार्यालयात हे पटवायला कष्ट पडले, कारण तिथे नोंदी वाढणं म्हणजे परिस्थिती बिघडली असा अर्थ लागतो. पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) इथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. आम्ही बैठकीत तो दाखला दिला: माणसं कामासाठी आणि भंगारासाठी दारूगोळ्याच्या जवळ जात असतातच, ते आधी कळणं बरं.

सध्या आमचं सगळं लक्ष धनगरवाड्यांकडे आहे. ढवळपुरीकडची पुष्कळ मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. दवंडी, सप्ता, ग्रामसभा, शाळा, यांतलं काहीच त्यांना गाठत नाही. ती परततात तेव्हाच पहिल्या पावसाने माती वाहून जाते आणि पुरलेले गोळे उघडे पडतात. गजी ढोलाच्या चालीवर एक गाणं बांधून ते फोनवर पाठवायचं ठरलं आहे. त्यांच्या मुक्कामाच्या जागा विचारून तिथेच भेटायलाही आम्ही निघालो आहोत.

पहिल्याच भेटीत एका वयस्कर मेंढपाळाने आमची तीन चित्रं पाहिली आणि विचारलं, “माणूस मागं फिरंल. मेंढरू गोळ्यापाशी गेलं तर?” काकांनी सांगितलं की मागे जायचं नाही, कुत्रं सोडायचं नाही, आहे तिथूनच कळप हाकारायचा. म्हातारबाबा म्हणाले, “आन् ते गेलं तर पैसं कोन देनार?” १९३८ च्या त्या कायद्यात सरावामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे. सराव संपून महिने उलटल्यावर फुटलेल्या गोळ्याने मेलेलं मेंढरू तिच्यात बसतं का, हे विचारणारा अर्ज आम्ही तहसील कार्यालयात दिला आहे, त्याची पोच घेतली आहे आणि उत्तर आल्याशिवाय मेंढपाळांसाठीचं पत्रक छापायला टाकणार नाही.